अंगाला न लागलेलं

बेळगावातल्या आमच्या लॅबोरेटरीत सकाळी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी एकच प्रश्न विचारत असे, "उपाशी आलाय न्हवं?" आणि त्यातले निम्मे छाती पुढं काढून सांगत, "व्हय बाई, उपास धरलाय." हे ऐकलं की मी उचललेली सिरिंज परत खाली ठेवायची. "उपासाला काय खाल्लं?" म्हणून विचारलं की मग एकेक बाहेर पडे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, कपभर दूध. एका बाईंनी तर वर मलाच दिलासा दिला, "काळजी करू नका, भाताचं शीतसुद्धा खाल्लं नाही, सगळं तुपातलं आणि गोडाचंच घेतलंय." त्यांना परत पाठवलं तर त्या रागावल्या. देवाला चालतं ते तुमच्या मशीनला का चालत नाही, असा त्यांचा सवाल होता.

मला हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांना असल्या गमती हव्या होत्या. माझ्याकडे त्या पोतंभर आहेत. पण खरं सांगायचं तर त्या लॅबमध्ये मी हसले कमी आणि घाबरले जास्त. ज्याला सगळ्यात जास्त घाबरले, ते लिहिल्याशिवाय माझी नोकरी सांगून पुरी होणार नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. सत्तरच्या दशकात आजच्यासारखी यंत्रं नव्हती. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून त्यांना टोक आणायचं. दंडाला रबर बांधायचं, शीर चाचपायची, रक्त काढून काचेच्या नळीत सोडायचं. ते गोठलं की नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवायची. वीज नसली तर हातानं दांडा फिरवायचं जुनं यंत्र होतंच, आणि वीज नसायचीच. फिरणं थांबलं की रक्ताचा लाल गोळा तळाशी आणि वर पिवळसर पाणी. त्याला सीरम म्हणतात. आमचे डॉक्टर नळीमागं बोट धरून बघत. बोटावरच्या रेषा दिसल्या की सीरम नितळ. पण कधीकधी ते वरचं पाणी ताकासारखं पांढरं निघे आणि पलीकडचं बोट दिसतच नसे. रक्तात चरबी फार असली की असं होतं. नुकती खिचडी हाणून आलेल्याचंही होतं, म्हणून तर तो सकाळचा प्रश्न.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वडील हमाली करत, ते लवकर गेले. आमच्या गल्लीत पांढरा कोट अंगावर चढवणारी मी पहिलीच. काही पेशंट बाही वर सारता सारता माझं आडनाव विचारत. मी आडनाव सांगे आणि रबर आवळे. एखाद्याला अचानक दुसरं काम आठवे, बाकीचे मुकाट्यानं हात पुढं करत. रक्त सगळ्यांचं लालच निघे, हे मी काही वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे निपाणीचे एक जैन व्यापारी येत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. देह असा की खुर्चीच्या दोन हातांत मावत नसत, त्यांना बाकावर बसवावं लागे. पहिल्यांदा आले तेव्हा तेही म्हणाले, "उपास हाय." मी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "काय काय खाल्लंय?" आप्पा पोट हलवत हसले. "अगं पोरी, आमचा उपास म्हंजे उकळून गार केल्यालं पानी. त्ये बी दिवस मावळला की बंद." त्यांचं सीरम इतकं नितळ निघालं की डॉक्टरांनी नळी माझ्याही हातात दिली. वजन उतरवा, हे डॉक्टरांनी त्यांना बजावलंच, पण नितळ सीरमच्या रिपोर्टाचा कागद आप्पांनी गावभर मिरवला असणार याची मला खात्री आहे.

त्याच सुमारास एका शाळेतले चित्रकलेचे सर आले. हातपाय काड्या, गालफडं बसलेली, हसरा माणूस. त्यांचं सीरम पांढरं निघालं. गुरुवार होता, त्यांनी खिचडीची कबुली दिली आणि आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी ते खरंखुरं उपाशी आले. पुन्हा पांढरं. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी दिली. सरांनी ती खिशात घातली आणि म्हणाले, "माझ्यात चरबी? अहो, वारा सुटला की मी सायकलवरून उतरून चालतो."

पुढं काही महिन्यांनी त्याच शाळेतल्या एक बाई रक्त द्यायला आल्या. मी सहज सरांची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही? गेले. फळ्यावर चित्र काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. हार्टचं म्हणतात. एवढा सडसडीत माणूस, त्यांना कसं हो हार्टचं?" मी सिरिंज खाली ठेवली, त्या बाईंचं रक्त डॉक्टरांना काढावं लागलं.

मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपण काट्यावर माणूस तोलतो. काटा फक्त वजन सांगतो, वजन कशाचं ते सांगत नाही. कातडीखालची चरबी डोळ्याला दिसते. काहींची आत साठते, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये. हातापायांवर मांस नाही आणि आत लोणी. तुम्ही सरांचं पोट पाहिलं होतं का?" मी पाहिलं होतं. खोचलेल्या शर्टाखाली लहानसं, गोल पोट होतं, काडीच्या माणसाला मडकं बांधावं तसं. "पुस्तकांत यावर फारसं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मला आपलं असं वाटतं." पुढं पुष्कळ वर्षांनी हेच सगळे डॉक्टर सांगायला लागले.

त्या दिवसापासून बारीक माणसांची मला धास्ती बसली. सिटी बसमध्ये, बाजारात, कचेरीच्या रांगेत माझं लक्ष पुरुषांच्या पोटाकडे जाई. बाईमाणसानं असं बघत राहणं बरं दिसत नाही हे मला कळत होतं. एकदा एकानं "काय बघताय बाई?" म्हणून विचारलंही. मी तिथून निघून गेले.

आणि मग मी घरी बघितलं.

माझा धाकटा भाऊ मधू. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होता आणि माझ्याजवळच राहत होता. दिवसभर खुर्चीत बसून काम. विडी नाही, सुपारीचं खांड नाही. मनगट एवढं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला मोच्याकडून जादा भोक पाडून घ्यावं लागलं होतं. आई रविवारी निपाणीहून आली की त्याची बरगडी चाचपून बघे आणि डोळ्याला पदर लावे. "खाल्ल्यालं अंगालाच लागंना बघ माझ्या लेकराच्या." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या भागात बारीक पोराच्या आईचं ते ठरलेलं वाक्य आहे. अंगाला लागत नाही, म्हणजे अजून घाला.

आई घालायची. मधू पोटात होता तेव्हा काम नव्हतं आणि आईनं भाकरीपेक्षा पाणीच जास्त घेतलं होतं. त्याची भरपाई ती करत होती. डिंकाचे लाडू, लोण्याचा गोळा, साखर घालून साय. आठवड्यात स्वतः येणं जमलं नाही तर ओळखीच्या कंडक्टरकडे डबा देई, आणि निपाणीची गाडी आली की मधू स्टँडवर जाऊन तो आणी. पगार झाला की तो स्वतः कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, आणून खाई. एवढं खाऊनही वजन जिथल्या तिथं. विम्याच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं करून पाठ थोपटली होती, "एकदम फिट."

एका सकाळी तो डबा घेऊन परस्पर लॅबमध्ये आला. खुर्चीत मागं रेलून बसला तेव्हा शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली मला दिसली. वरची बटणं मात्र सैल होती.

"बाही वर कर," मी म्हटलं.

"आक्का, मला काय झालंय? मी वाळका मानूस."

"म्हनूनच कर."

वीज नव्हती. भावाच्या रक्ताची नळी मी हाताच्या यंत्रात बसवली आणि दांडा फिरवत राहिले. दांडा सोडला की यंत्र हळूहळू थांबायचं, आणि ते थांबू नये असं मला त्या दिवशी वाटत होतं. थांबलं. मी नळीमागं बोट धरलं. बोट दिसलं नाही.

डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनाही मला धीर द्यायचा होता. "उपास केला असेल हो. खिचडी खाऊन आला असेल."

"सर, आमच्यात उपास न्हाय," मी म्हटलं.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून उपास गेले होते. एकादशी नाही, गुरुवार नाही, साबुदाण्याचा दाणासुद्धा घरात नाही. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरात एखादा उपास असता तर बरं झालं असतं. सगळ्या गावाला लपायला खिचडी होती, मधूला काहीच नव्हतं. तो सकाळपासून चहासुद्धा प्यालेला नव्हता. डबा सोडवायच्या घाईत तसाच आला होता.

"नळी फ्रीजमध्ये ठेवा," डॉक्टर म्हणाले. "उद्या बघू. वर साय धरली आणि खाली नितळ राहिलं, तर ते खाल्लेल्याचं. सगळंच गढूळ राहिलं, तर ते अंगातलं."

आयुष्यभर मी देवाकडे काही मागितलं नाही, त्या रात्री ती साय मागितली असती. सकाळी फ्रीज उघडला. साय नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखं पांढरं.

मोठ्या डॉक्टरांनी मधूला सांगितलं, लोणी, तूप, साखर बंद, भात निम्मा, आणि रोज घाम येईपर्यंत चाल. मधूनं मान डोलावली. आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी निपाणीला गेले आणि चुलीपुढं बसून जमेल तसं सगळं सांगितलं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे माझं पोर वाळलंय, आन तू म्हनतीस त्येला खायला घालू नको?"

"तसं न्हाय आई. त्येच्या आत चरबी साठलीया."

"आत? आत कुटं? बरगड्या मोजाय येत्यात त्येच्या!" तिचा आवाज चढला. "पोटात हुता तवा उपाशी ठिवला मी त्येला. आता चार घास माझ्या हातानं जात्यात तर तुज्या डोळ्यात येत्यात व्हय गं? चरबीचं दुखनं शेठ लोकांचं असतंय. आपल्यात कोन मेलंय चरबीनं? आपल्यात मानसं भुकेनं मेलीत."

तिनं पाहिलं होतं ते खरं होतं आणि मी नळीत पाहिलं होतं तेही खरं होतं. डबे येत राहिले. मी बंद करायला लावले तर ते कारखान्याच्या पत्त्यावर जाऊ लागले, आणि मधूला आईचा डबा परत पाठवणं कधी जमलं नाही. लॅबमधला फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावत असे. उद्यमबागेकडून येणारी बस दिसली की मी दाराशी येऊन उभी राहत असे, आणि तो उतरला की कामाचं निमित्त करून आत जात असे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यासाठी खानापूरपलीकडच्या गुंजीचं एक स्थळ आलं. आईला एकच काळजी, पोरगा बारीक दिसेल. त्या काळी बारीक म्हणजे क्षयाचा संशय. म्हणून तिनं त्याला शर्टाखाली दोन बनियन घालायला लावली, वर कोट. आम्ही तिघं रेल्वेनं गुंजीला गेलो. मंडळी चांगली होती. पोहे झाले, शिरा झाला. मुलीचे वडील मधूच्या बशीत पुन्हा पुन्हा वाढत होते, "घ्या की पाव्हणं, अंगात कायच न्हाय तुमच्या." आई कृतकृत्य होऊन बघत होती.

परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो तेव्हा मधू बाकावर बसला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मुलीचे वडील सोडायला आले होते. मधूनं गळ्याशी बटण काढलं तसे ते हसले. "दोन दोन बनियनी घातल्यात, घाम येनारच की!" आईही ओशाळून हसली आणि पदरानं त्याला वारा घालू लागली. कुणीतरी सोडा आणायला पळालं. शिरा बाधला, वात धरलाय, असं चाललं होतं.

मधूनं माझ्याकडे बघितलं. "आक्का," तो म्हणाला, "हात जड झालाय."

"डावा?"

त्यानं मान हलवली.

मी किंचाळले असेन, कारण स्टेशनमास्तर खोलीतून धावत आले. मी त्याचा कोट ओढून काढला, शर्ट काढला, ती दोन्ही बनियन टराटरा फाडली. घामानं ती अंगाला चिकटली होती आणि आतलं अंग गार होतं. मी हार्ट, हार्ट म्हणून ओरडत होते आणि लोक त्याच्या बरगड्यांकडे बघून माझ्याकडे बघत होते. एकजण बोललाच, "ह्येला हार्टचं? ह्येच्या अंगावर मूठभर मांस न्हाय."

गाडी आली. त्याला बाकड्यावर आडवं केलं. खानापूर आलं, देसूर आलं, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबे आणि मला वाटे ती आता हलणारच नाही. त्याच्या मनगटावर माझी बोटं होती. शीर शोधणं माझं रोजचं काम, पण त्या गाडीत ती मला सापडे आणि निसटे. आई त्याच्या पायाशी बसली होती. ती रडत नव्हती. शिऱ्याचा एक कण त्याच्या कोटाला चिकटला होता, तो ती नखानं खरवडत होती.

हॉस्पिटलात ईसीजीची पट्टी काढली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही आधी त्याच्या अंगाकडे आणि मग पट्टीकडे दोनदा बघितलं. हार्टचाच झटका होता. पहिल्या दिवशी कुणी खात्री देत नव्हतं. आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो. आई म्हणाली, "अंगाला लागंना, अंगाला लागंना म्हनत हुते मी. समदं काळजाला लागत हुतं व्हय गं?"

मला रडू फुटलं. तिला धरून मी किती वेळ रडले ते आठवत नाही.

मधू वाचला. स्थळ अर्थातच मोडलं. आई वखारीतलं काम सोडून आमच्याकडे बेळगावला आली आणि स्वयंपाक तिनं हातात घेतला. मला पुन्हा धाकधूक. पण तिनं माझ्याकडून एकेक गोष्ट विचारून घेतली, आणि विळी-चुलीच्या भाषेत समजावून घेतली. मधूला पहाटे चालायला ती स्वतः बाहेर काढी आणि परत येईपर्यंत दारातून हलत नसे.

काही महिन्यांनी ती त्याला घेऊन लॅबमध्ये आली. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. मी सवयीनं विचारलं, "उपाशी आलाय न्हवं?"

मधूच्या आधी आईच बोलली. "उपास न्हाय बाई. उपाशी हाय. उपाशी म्हंजे काय त्ये आमास्नी नगं शिकवू."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मी रक्त काढलं. त्या दिवशीही वीज नव्हती. मी दांडा फिरवला, सोडला, यंत्र थांबलं. नळी खिडकीशी नेली आणि मागं बोट धरलं. आई माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"दिसतंय का गं बोट?"

गढूळ होतं. अजून गढूळच होतं. पण त्याच्या पलीकडे माझ्या बोटाची कड दिसत होती.

"दिसतंय," मी म्हटलं. "थोडं दिसतंय."

आईनं खाली बसून फडकं सोडलं. रक्त दिल्यावर खायला प्रत्येकजण काहीबाही घेऊन येतोच. मला वाटलं, लाडू असतील. डब्यात पालेभाजी होती आणि भाकरी. अर्धी. तव्यावरची अख्खी भाकरी हातानं मोडून निम्मी केलेली, मोडलेली कड ओबडधोबड. जिनं जन्मभर स्वतःच्या पानातली भाकरी मोडून आमच्या पानात टाकली, तिनं पहिल्यांदा पोराच्या पानातली काढली होती.

मधू खायला लागला. आई तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसली.

"बघ की त्याच्याकडं," मी म्हटलं. "जेवतोय चांगला."

"नगं," ती म्हणाली. "बघितलं की पोटभर खा म्हनून तोंडातनं जाईल."